जुन्या पिकअपचा सेल्फ लागेना, दोष अर्थिंगमध्ये निघाला
चावी फिरवली की नुसता 'टक्' आवाज, इंजिन फिरायचं नाव नाही. अशा वेळी जो तो बॅटरी नाहीतर सेल्फ मोटर बदलायला सांगतो. कळकळीने सांगतो, आधी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) लावा.

माझ्या पिकअपच्या बॅटरीवर गाडी बंद असताना 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी चार्ज होती. सेल्फ मारतानाही व्होल्टेज 12 च्या आसपासच राहिलं. बॅटरी खचलेली असती तर ते धाडकन पडलं असतं. इथे मोटरपर्यंत पुरेसा करंटच जात नव्हता. 'टक्' होतंय म्हणजे स्विच आणि रिले (मोटरकडे करंट सोडणारा विजेवरचा स्विच) आपलं काम करत होते.

मग गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरली आणि मुलाला चावी फिरवायला लावली. करंटच्या परतीच्या या वाटेत अर्ध्या व्होल्टच्या आत हवं, तिथे चारच्या वर! अर्थची वायर, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह इंजिनला जोडणारी, बाहेरून धडधाकट, पण इंजिनकडचा बोल्ट काढला तर लगखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंज आणि हिरवट पूड साचलेली. बॅटरीची निगेटिव्ह सोडवून लग आणि तिची बैठक पॉलिश पेपरने चकचकीत घासली, बोल्ट घट्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. आता तिथे 0.2 व्होल्ट येतात आणि सेल्फ पहिल्याच चावीला उचलतो.