मुरलेली माती आणि कालचा स्पाइक

एमएस्सी करून महापेच्या एका खासगी लॅबमध्ये लागले, तेव्हा वाटलं होतं जीसी-एमएसवर, म्हणजे रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या मशीनवर, बसायला मिळेल. पहिले आठ महिने हातात आल्या त्या मातीच्या बाटल्या. काम एकच: मातीतले प्रदूषक द्रावकात उतरवायचे, म्हणजे निष्कर्षण. तेव्हा रुसले होते. पण जे द्रावकात उतरलंच नाही, ते मशीनला कुठून दिसणार?

निष्कर्षणाची सुरुवात सॉक्सलेटने होते. १८७९ साली फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी दुधातली चरबी मोजायला काढलेलं हे उपकरण. १० ग्रॅम मातीत तेवढंच निर्जल सोडियम सल्फेट मिसळायचं, माती वाळूसारखी सुटी झाली की थिंबलमध्ये, म्हणजे जाड गाळणकागदाच्या नळीत, भरायची. गोळे राहिले तर द्रावक आत शिरतच नाही. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेच्या ३५४०सी पद्धतीप्रमाणे द्रावक उकळून, थंड होऊन मातीवर परत येण्याच्या तासाला ४ ते ६ फेऱ्या, १६ ते २४ तास, द्रावक ३०० मिली. एकदा रात्री नळाचं पाणी गेलं, वाफ थंड करणारा कंडेन्सर तापला, सकाळी फ्लास्कच्या तळाशी नुसता तपकिरी चिकटा. आग लागली नाही हे नशीब. नोकरीच्या ठिकाणी थंड पाणी फिरवणारा चिलर आहे का, हे आधी बघा.

ध्वनिलहरींनी माती घुसळणाऱ्या सोनिकेटरचं काम झटपट: प्रोबने ३ मिनिटं, ताजं द्रावक घालून तीनदा. मायक्रोवेव्हला बंद भांड्यात १०-२० मिनिटं आणि २५-३० मिली पुरतात. दाबाखालच्या पद्धतीत १०० अंश सेल्सिअस आणि १५०० ते २००० पीएसआय; मशीन महाग, त्यामुळे सगळीकडे हाताळायला मिळेलच असं नाही.

मला या पद्धतींची तुलना करायला सांगितली, तेव्हा मी स्वच्छ मातीत पीएएच (तेलात आणि धुरात सापडणारे अनेक वलयांचे हायड्रोकार्बन) मोजून घातले, म्हणजे स्पाइक केला, आणि दुसऱ्या दिवशी काढले. सॉक्सलेट, सोनिकेटर, दोन्हींची रिकव्हरी, म्हणजे घातल्यापैकी परत मिळालेला वाटा, झकास. मी खूश. मग एका जुन्या, तेलकट आवारातली माती घेतली. सोनिकेटरचा आकडा सॉक्सलेटच्या बराच खाली! मी वजनं तपासली, कॅलिब्रेशन पुन्हा केलं. लॅबमधल्या मॅडम हसल्या. "अगं, स्पाइक काल येऊन ओसरीवर बसलाय. जुना माल माजघरात शिरलाय. मुरलेल्या लोणच्याची फोड नळाखाली धरून खारटपणा जातो का?"

वर्षानुवर्षं पडून राहिलेले पीएएच मातीतल्या सेंद्रिय भागात आणि बारीक छिद्रांत रुतून बसतात. त्यांना बाहेर काढायला वेळ तरी लागतो, नाहीतर उष्णता. म्हणून पद्धतींची तुलना जुन्या दूषित मातीवर किंवा प्रमाणित संदर्भ मातीवर करा. सरोगेट, म्हणजे पद्धत तपासायला मुद्दाम घालायचं ओळखीचं रसायन, निष्कर्षणाआधीच घाला, पण त्याच्यावरही पूर्ण भिस्त नको. तोही ओसरीवरचाच.

आणि सगळा दोष निष्कर्षणाला देऊ नका. माझं नॅफ्थलीन, म्हणजे चटकन उडून जाणारं पीएएच, कमी यायचं ते रोटाव्हॅपवर (द्रावक उडवून अर्क आटवणाऱ्या उपकरणावर) फ्लास्क कोरडा होऊ दिल्यामुळे. थोडं द्रावक राहू द्यायचं, एवढंच.

ऐरोलीकडच्या खाडीचा गाळ आला तर आधी ओलावा मोजा आणि निकाल कोरड्या वजनावर द्या. नाहीतर तोच गाळ भरतीनंतर उगाच स्वच्छ दिसेल. त्यात मोजणीत अडथळा आणणारं गंधकही असतं. अर्कात आम्लाने धुऊन चकचकीत केलेली तांब्याची पूड टाका. ती काळी पडली तर आणखी टाका, चमक टिकेपर्यंत. आमच्याकडे एका दुपारी चौथ्यांदा टाकावी लागली, आणि माझी ५:४० ची ठाणे लोकल गेली.