विंडोज, मॅक आणि टीव्हीसाठी एकच ड्राइव्ह? फॉरमॅट करताना या चुका टाळा

लग्नाचं शूटिंग एका ड्राइव्हवर येतं, घरच्या विंडोज लॅपटॉपवर उघडतं, एडिटरच्या मॅकवर फक्त वाचता येतं आणि हॉलमधल्या टीव्हीला ड्राइव्ह दिसतच नाही. ड्राइव्ह बहुधा धडधाकट असते. गडबड असते ती फाइल सिस्टिमची, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीची (फॅट३२, एनटीएफएस, एक्सफॅट वगैरे), आणि ती निवडताना सगळ्यात महागडा लॅपटॉप नव्हे, तर ज्या उपकरणाला सगळ्यात कमी कळतं ते डोळ्यांसमोर ठेवायचं.

'सगळीकडे चालते' म्हणून फॅट३२

चालते खरी, गाडीच्या म्युझिक सिस्टिमपासून जुन्या डीव्हीडी प्लेअरपर्यंत. पण तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. ५०० जीबी जागा रिकामी असली तरी ६ जीबीचा व्हिडिओ टाकताना 'फाइल फार मोठी आहे' असाच निरोप येतो. हा निरोप दिसला की जागा मोकळी करण्यासाठी फाइली उडवू नका, त्याने काहीच फरक पडणार नाही. गाडीत गाणी ऐकायला फॅट३२ चा १६ किंवा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह वेगळाच ठेवलेला बरा.

विंडोजने सुचवलं म्हणून एनटीएफएस

एनटीएफएस चांगली आहे, पण मॅक ती फक्त वाचतो. फाइल उघडते, पण बदल करून सेव्ह होत नाही, नवी फाइल टाकता येत नाही. लिहिण्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. आयफोन-आयपॅडच्या अधिकृत यादीत एनटीएफएस नाही, आणि अँड्रॉइड फोन व टीव्ही यांचं कंपनीनुसार बदलतं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर ती चालते, पण विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावरही संगणक अर्धवट झोपलेला असतो. मग लिनक्स ती ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरती उघडतो किंवा उघडतच नाही. 'सेफली रिमूव्ह' करूनच ड्राइव्ह काढा किंवा फास्ट स्टार्टअप बंद करा.

मॅक, विंडोज आणि फोन या तिन्हींत ने-आण असेल तर एक्सफॅट घ्या. तिच्यात ४ जीबीची अडचण नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तिचा तपशील खुला केल्यापासून लिनक्सच्या कर्नेलमध्येही (गाभ्यातही) ती आली आहे. टीव्हीच्या बाबतीत मात्र माहितीपुस्तिका बघूनच ठरवा.

एक्सफॅटवर एकुलती एक प्रत

खरं नुकसान इथेच होतं. एनटीएफएस आणि मॅकची स्वतःची एपीएफएस यांना अर्धवट राहिलेल्या बदलातून फाइल सिस्टिमचा हिशेब सावरता येतो, एक्सफॅटकडे तशी सोय नाही. कॉपी चालू असताना वायर निघाली तर फोल्डरच्या फोल्डर गायब होऊ शकतात. म्हणून ही ड्राइव्ह ने-आणीची पिशवी समजा, तिला तिजोरी समजू नका.

न 'इजेक्ट' करता काढलेली एक्सफॅट ड्राइव्ह मॅकला पुन्हा लावली की काही वेळ ती दिसतच नाही. मागे तपासणी चालू असते, आणि मोठ्या ड्राइव्हला त्यात बराच वेळ जातो. घाबरून वायर उपटली की तपासणी पुन्हा पहिल्यापासून. थांबा. त्यानंतरही दिसली नाही तर मॅकवर डिस्क युटिलिटीमधलं 'फर्स्ट एड', किंवा विंडोजवर ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधल्या 'टूल्स' टॅबवरचं 'चेक' चालवा.

मॅकची फोटो लायब्ररीही एक्सफॅटवर ठेवू नका, तिला एपीएफएस किंवा जुनी मॅक ओएस एक्स्टेंडेड लागते. मॅकचा बॅकअप घेणाऱ्या टाइम मशीनचंही तेच.

विभागणीचा नकाशा न बघता मॅकवर फॉरमॅट

डिस्क युटिलिटीत आधी 'व्ह्यू' मधून 'शो ऑल डिव्हाइसेस' निवडा, नाहीतर 'स्कीम' (विभागणीचा नकाशा) हा पर्याय दिसत नाही. सगळ्यात वरची ओळ निवडून 'इरेज' दाबा. स्कीममध्ये 'जीयूआयडी पार्टिशन मॅप' असेल तर संगणकांना चालतं, पण बरेच जुने टीव्ही आणि कार स्टिरिओ ते ओळखत नाहीत. २ टीबीपर्यंतच्या ड्राइव्हला तिथे 'मास्टर बूट रेकॉर्ड' निवडा. त्याहून मोठ्या ड्राइव्हला जीयूआयडीच घ्यावं लागतं.

मॅकवरून कॉपी केल्यावर टीव्हीवर प्रत्येक चित्रपट दोनदा दिसतो, त्यातला एक चालत नाही? नावाच्या सुरुवातीला '._' असलेली ती मॅकने ठेवलेली छोटी माहितीची फाइल. व्हिडिओंपुरत्या या फाइली विंडोजवरून खुशाल काढा.

'फॉरमॅट करा' वर क्लिक

एपीएफएसची किंवा लिनक्सची ड्राइव्ह विंडोजला लावली की 'वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' अशी खिडकी येते. त्याचा अर्थ इतकाच, की विंडोजला ही भाषा येत नाही. 'कॅन्सल' दाबा आणि ड्राइव्ह जिथे भरली होती तिथे परत लावून बघा.

छोट्या फाइली आणि लांब मराठी नावं

३२ जीबीहून मोठ्या ड्राइव्हला एक्सफॅट करताना विंडोज फाइली ठेवण्यासाठी साधारणपणे १२८ केबीचा कप्पा ('ॲलोकेशन युनिट') ठरवतं. फाइल ५ केबीची असली तरी पूर्ण कप्पा अडतो. अशा १०,००० फाइली मूळच्या ५० एमबी, पण जागा जाते सव्वा जीबीच्या आसपास. त्या झिप करून ठेवा, किंवा फॉरमॅट करताना 'ॲलोकेशन युनिट साइझ' ३२ केबी करा.

नावांचा घोळ मराठीत जास्त जाणवतो. एक्सफॅटवर नाव २५५ अक्षरचिन्हांचं चालतं, पण लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ वर मर्यादा २५५ बाइटची आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा. 'महाराष्ट्र' एवढ्यात १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. शंभर चिन्हांचं नाव विंडोजवर सुरळीत, लिनक्सवर कॉपी करताना अडतं. नाव ८० चिन्हांच्या आत ठेवा. उलट दिशेने येताना नावातलं प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम किंवा दुहेरी अवतरणचिन्ह एक्सफॅटला खपत नाही, तिथे साधी आडवी रेघ वापरा.