दवाखाना निवडताना तारे आणि टक्के बघताय? या चुका टाळा

ऑपरेशन ठरलं की घरातलं कुणीतरी मोबाइलवर दवाखान्यांचे तारे बघायला लागतं. अभिप्राय देणाऱ्याला दिसतं ते पार्किंग, नंबर लागायला झालेला उशीर, सिस्टरांचं बोलणं. टाके किती जणांचे चिघळले, हे त्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून सरासरी सोडा, एक-दोन तारेवाले अभिप्राय वाचा. डिस्चार्जला वाढलेलं बिल, रात्री डॉक्टर नसणं, अशी एकच तक्रार वेगवेगळ्या महिन्यांत दिसली तर ती गंभीरपणे घ्या.

सर्वांत मोठी गफलत मृत्यूच्या आकड्यांत होते. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाबद्दल ‘सीपीआरमध्ये माणसं जास्त दगावतात’ असं सहज बोललं जातं. पण जिल्हाभरातून, कोकणातून, सीमाभागातून दुसरीकडच्या डॉक्टरांनी हात टेकलेले रुग्ण तिथंच येतात. त्यांची तुलना ठरवून केलेल्या हर्नियाच्या ऑपरेशनांशी करणं अन्यायाचं आहे. न्यूयॉर्क राज्य बायपासचे मृत्युदर 1990च्या दशकापासून जाहीर करतं, तेही वय, इतर आजार, हृदयाची अवस्था यांचा हिशेब धरून. तो हिशेब नसेल तर गंभीर रुग्ण घेणाराच बदनाम होतो आणि मग असे रुग्ण टाळले जाण्याची भीती असते.

नुसत्या टक्क्यालाही भुलू नका. 20 ऑपरेशनांत 1 मृत्यू म्हणजे 5 टक्के, 400 मध्ये 12 म्हणजे 3 टक्के. पहिल्या ठिकाणी तो एक रुग्ण वाचला असता तर आकडा थेट शून्य! इतक्या कमी संख्येवरून काहीच ठरवता येत नाही.

दवाखान्यांना दर्जाचं मानांकन देणाऱ्या ‘एनएबीएच’ या राष्ट्रीय मंडळाचा बोर्ड दिसला तर त्यांच्या संकेतस्थळावरच्या यादीत पत्ता, मुदत आणि दर्जा तपासा, प्रवेश स्तर आणि पूर्ण मानांकन वेगळं. त्यातून कामाची पद्धत कळते, सर्जनचा हात कळत नाही. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं राज्याच्या 2021च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. दिसली नाही तर मागा.

आपल्याकडे बहुतेक दवाखाने निकाल जाहीर करत नाहीत, त्यामुळे विचारावंच लागतं, आणि विचारायला संकोचू नका. गेल्या वर्षभरात अशी ऑपरेशनं किती केली? पैकी 30 दिवसांत किती जण पुन्हा भरती झाले? ऑपरेशन कोण करणार, भूल कोण देणार, रात्री आयसीयूत कोण असणार? उत्तरं तारखेसह वहीत टिपा आणि दुसऱ्या दवाखान्यातही हेच प्रश्न याच क्रमानं विचारा.