पद्मिनीच्या इंजिनासाठी माळ्यावरचे जुने पार्ट: काय ठेवावं, काय टाकावं

कुर्ल्यात प्रीमियर पद्मिनी बनणं बंद होऊन दोन दशकं उलटली. आता इंजिन खोललं की मदार माळ्यावरच्या जुन्या स्टॉकवर. पण डबा सीलबंद आहे म्हणून आतला माल चांगलाच असेल, असं धरून चालू नका.

आधी वाटणी करा. रबर, कॉर्क आणि कागद एका बाजूला, धातू दुसऱ्या. पहिल्या ढिगातलं पॅकिंग, ऑइल सील, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम सरळ नवं घ्या. सध्याच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. इथे कंजुषी नको. इग्निशनचा (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचा) कंडेन्सरही नवाच.

बोल्ट, ब्रॅकेट असे गंजलेले लोखंडी भाग रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, ब्रशने घासा, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. लगेच पुसून तेल लावा, नाहीतर पावसाळ्यात बघता बघता पुन्हा गंज धरतो. रिंगा, बेअरिंग आणि कार्बुरेटर मात्र व्हिनेगरपासून लांब ठेवा.

कार्बुरेटरमध्ये जुनं पेट्रोल वाळून चिकट थर बसतो. क्लीनर स्प्रे मारा, मुरू द्या, मग जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीतून) हवा मारा. डोळ्यांवर चष्मा हवाच. जेटमध्ये तार घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी गाडी पेट्रोल पिते.

पिस्टन रिंगा डिझेलने धुऊन घ्या. मग एकेक रिंग बोअरमध्ये (पिस्टन फिरतो त्या सिलिंडरच्या भोकात) घाला, पिस्टन उलटा धरून सरळ खाली ढकला आणि टोकांमधली फट फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ढोबळ हिशेब असा: बोअरच्या व्यासाच्या दर 25 मिमीला 0.1 मिमी. पद्मिनीचा मूळ बोअर 68 मिमी, म्हणजे पाव मिमीच्या जरा वर. फट कमी असेल तर बारीक कानशीने टोक घासा. जास्त असेल तर आधी बोअर झिजलाय का ते बघा. आणि डब्यावरचा ओव्हरसाइझ आकडा (रिंग मूळ मापापेक्षा किती मोठी ते) वाचलात ना?

बेअरिंगच्या शेलवर (अर्धगोल पातळ वाटीवर) नख फिरवा. नुसता काळपटपणा चालतो, खड्डा लागला तर शेल बाद. पॉलिश पेपर लावायचा मोह टाळा, वरचा मऊ थर निघून जातो.

जोडणी करताना प्रत्येक घासणाऱ्या भागाला इंजिन ऑइल चोपडा. पहिल्यांदा स्टार्टर मारताना स्पार्क प्लग काढूनच मारा, थांबून थांबून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. प्लग त्यानंतरच बसवा.