शोषखड्ड्याआधी माती-पाण्याची चाचणी: या चुका टाळा

संडास तुंबू लागला की दोष सेप्टिक टँकवर जातो. अनेकदा टाकी ठणठणीत असते; तिच्यातून येणारं पाणी जमीनच पीत नसते. याचं मूळ बहुधा शोषखड्डा (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) घेण्याआधीच्या माती-पाण्याच्या चाचणीत सापडतं.

कोरड्या मातीत लगेच घड्याळ लावणं. काळी चिकण माती उन्हाळ्यात भेगाळते. ओतलेलं पाणी भेगांतून झरझर उतरतं आणि आकडा झकास दिसतो. पावसात तीच माती फुगते, भेगा मिटतात. म्हणून आधी माती भिजवायची. पाझर-चराचा (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या लांब चराचा) तळ जिथे येणार त्या खोलीपर्यंत 10 ते 30 सेंमी रुंदीचं भोक घ्या, तळाला 5 सेंमी बारीक खडी टाका आणि 30 सेंमी पाणी भरा. ते किमान चार तास, शक्यतो रात्रभर, त्याच पातळीवर ठेवा. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर 15 सेंमी पाणी ठेवून 30 मिनिटांत पातळी किती उतरते ते मोजा. रात्रीत भोक कोरडं पडलं असेल तर दर अर्ध्या तासाला पुन्हा भरत चार तास मोजा आणि शेवटचा आकडा धरा.

हिशेब 25 मिमी उतरायला लागणाऱ्या मिनिटांचा असतो. 30 मिनिटांत 20 मिमी उतरलं, तर 30 × 25 ÷ 20 = 37.5 मिनिटं. साठच्या पुढे गेलं की साधा शोषखड्डा किंवा चर विसरा. एका मिनिटाच्या आत उतरलं तरी खूश होऊ नका: इतक्या भरड थरातून सांडपाणी न गाळताच भूजलात पोचतं.

भोकाच्या भिंती गुळगुळीत सोडणं. ओल्या चिकण मातीत ऑगर (भोक पाडायचं गिरमिट) किंवा फावडं भिंत लिंपून टाकतं, छिद्रं बुजतात आणि बरी जमीनही नापास होते. टोकदार सळईने भिंती खरवडा, सुटी माती बाहेर काढा.

एकच भोक, किंवा सगळ्यांची सरासरी. चर जिथे येणार त्या पट्ट्यात किमान तीन-चार भोकं हवीत. एक 12 मिनिटांचं आणि एक 70 मिनिटांचं निघालं, तर सरासरी 41 येते. ती फसवी आहे. मंद भोकाजवळ आणखी एक घेऊन चिकण थर कुठवर पसरलाय ते पाहा. भरावाच्या मातीवरची चाचणी मोजूच नका.

भूजल उन्हाळ्यात पाहून मोकळं होणं. पाणी सर्वांत वर येतं तेव्हाची पातळी हवी. पावसाळ्यापर्यंत थांबणं शक्य नसेल तर दोनेक मीटरच्या चाचणी-खड्ड्याची भिंत वाचा: करड्या मातीत तांबूस-गंजके ठिपके सुरू होतात, तिथवर वर्षातला काही काळ पाणी चढतं. (आधार न लावता अशा खड्ड्यात उतरू नका, कडा ढासळतात. माती वर काढून पाहा.) पावसाळ्यासाठी भोकाभोकांचा पीव्हीसी पाइप उभा पुरून, भोवती खडी भरून, वर टोपण लावा आणि आठवड्याला पातळी नोंदवा. चिकण मातीत पाणी हळू झिरपतं. पाइप बसवल्याच्या दिवशीचं माप खरं नसतं. चराचा तळ आणि सर्वांत वरची पातळी यांत निदान एक मीटर कोरडी माती ठेवा. स्थानिक नियम जास्त मागत असेल तर तो पाळा.

खाली कातळ किंवा घट्ट थर असेल तर त्यावर पाणी तुंबून राहतं. ही पातळी विहिरीतल्या पाण्यावरून कळत नाही.

चाचणी झाली की तो पट्टा दोरी लावून अडवा. विटांचा एखादा ट्रक त्यावरून गेला तरी माती दबते आणि पाझराचे आकडे निरुपयोगी होतात.