बाळंतपणाचे पैसे मिळणार का हे कॅलेंडरवर ठरतं, नव्याने आलेल्यांनी आधी हे वाचा

मी मूळची बार्शीकडची, नवी मुंबईत घणसोलीला येऊन बरीच वर्षं झाली. आमच्या मजल्यावर दर वर्षी एक-दोन नवी जोडपी येतात, कोणी लातूरचं कोणी जळगावचं, नवरा रबाळे नाहीतर तुर्भे एमआयडीसीत, आणि सहा-आठ महिन्यांत वहिनी गोड बातमी घेऊन माझ्या दारात. पेढ्यांसोबत पहिला प्रश्न ठरलेला, ताई सरकारकडून किती मिळतात हो? म्हणून एकदाच बैजवार लिहून ठेवते, कारण दर वेळी मशीन थांबवून सांगायचं म्हणजे ब्लाउजची ऑर्डर राहून जाते.

पहिल्यांदा एक गैरसमज काढा. बऱ्याच जणी विचारतात की मी नोकरी सोडली, घरीच शिवण करते किंवा डबे करते, तर ईएसआयसीचे (कंपनीतल्या कामगारांचा सरकारी विमा, त्याचे) पैसे मीच भरत राहिले तर चालेल का. नाही चालत. ईएसआयसी ही नोकरीशी बांधलेली गोष्ट आहे, तुमचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के, मालकच नाही तर खिडकीवर जाऊन स्वतः हप्ता भरायची सोयच नाही. आणि जो एजंट सांगेल की पाचशे रुपये महिना द्या, मी तुमचं नाव एका कंपनीत दाखवतो, त्याला चहासुद्धा विचारू नका. खोटी नोकरी दाखवून घेतलेले पैसे परत मागतात आणि तेव्हा एजंटचा फोन बंद असतो.

आता ज्या खरंच नोकरीत आहेत आणि ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे (ओव्हरटाइम यात धरत नाहीत) त्यांचा हिशोब. इथेच सगळ्या फसतात, मीपण फसले होते म्हणून जरा सावकाश सांगते.

ईएसआयसीचं वर्ष दोन तुकड्यांत असतं. एप्रिल ते सप्टेंबर एक आणि ऑक्टोबर ते मार्च दुसरा. या तुकड्यांत हप्ता भरला जातो. पण त्याचा फायदा लगेच सुरू होत नाही, मध्ये तीन महिने जातात. एप्रिल ते सप्टेंबरच्या हप्त्यावर जानेवारी ते जूनमध्ये फायदा, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या हप्त्यावर जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे डिलिव्हरीची तारीख कुठल्या सहा महिन्यांत पडते ते आधी बघायचं, मग मागे जाऊन त्याच्याशी जोडलेला हप्त्याचा तुकडा आणि त्याच्याही आधीचा एक असे दोन तुकडे घ्यायचे, आणि त्या दोन्हींत मिळून ७० दिवसांचा हप्ता लागलेला असला पाहिजे. सत्तरच, फार नाही. पण चुकीच्या सहा महिन्यांत दीडशे दिवस असले तरी उपयोग शून्य.

माझंच घ्या. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मी एका पॅकिंगच्या कंपनीत लागले, पहिल्या पगारापासून ईएसआयसी कापायला लागले, मी खूश. डॉक्टरांनी तारीख दिली २० मे. मला वाटलं मेपर्यंत सात महिने हप्ता भरून झालाय, आता काय अडचण. शाखा कार्यालयात गेले तर तिथल्या बाईंनी कॅलेंडर पुढे केलं आणि बोट ठेवलं, मे म्हणजे जानेवारी ते जूनचा तुकडा, त्याला लागणारे हप्ते एप्रिल ते सप्टेंबर २०१८ आणि त्याच्या आधीचे सहा महिने, आणि त्या काळात तर मी बार्शीत द्राक्षाच्या पेट्या भरत होते. हेच बाळ जुलैत होणार असतं तर ऑक्टोबर ते मार्चचा हप्ता धरला गेला असता आणि सहा महिन्यांचा पगार हातात आला असता. साधारण सहा आठवड्यांनी हुकलं. त्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी मला पाणी दिलं.

म्हणून नोकरीला नव्याने लागलेल्यांनी लक्षात ठेवा, पहिला हप्ता लागल्यापासून फायदा सुरू व्हायला साधारण नऊ महिने जातात. आमच्या सासूबाई म्हणतात तुमचा ईएसआयसी पण पोटुशीच असतो. आणि ज्यांची तारीख बरोबर जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला येते त्यांनी घाबरू नका. नियमात डिलिव्हरी झालेला दिवस आणि अपेक्षित दिवस दोन्ही चालतात, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तारखेचा कागद जपून ठेवा, तीस जून आणि एक जुलैमध्ये फार मोठा फरक आहे.

किती मिळतात? रोजच्या सरासरी पगाराच्या शंभर टक्के, २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येतात. समजा पगार १८,००० आणि एप्रिल ते सप्टेंबर एकही खाडा नाही, तर सहा महिन्यांचे १,०८,००० भागिले १८३ दिवस, रोजचे झाले ५९०. गुणिले १८२, म्हणजे एक लाख सात हजाराच्या वर. आणि त्यासाठी तुमच्या खिशातून गेले किती, महिन्याला १३५ रुपये. भागताना पगार लागलेले दिवस धरतात, त्यामुळे खाडे झाले तरी सरासरी फार खाली येत नाही, आणि ओव्हरटाइमवर हप्ता कापला जात असेल तर तोही सरासरीत धरला जातो, त्या काळातला ओव्हरटाइम रोखीत हातावर घेऊ नका, स्लिपमध्ये मागा. दोन मुलं आधीच असतील तर २६ ऐवजी १२ आठवडे. गर्भ पडला तर ६ आठवडे, ही गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते, त्या दुःखात कोणाला अर्ज सुचत नाही पण तो हक्क आहे.

हप्ता खरंच लागतोय का हे सरकारच्या उमंग ॲपमध्ये बघता येतं. बघाच. शेजारच्या वहिनींच्या पगारातून ठेकेदार दर महिन्याला कापत होता आणि पुढे भरतच नव्हता, सातव्या महिन्यात कळलं. कायद्याने असा हक्क बुडत नाही, भरायला लागणारा हप्ता धरतात आणि वसुली मालकाकडून होते, पण त्यासाठी पगाराच्या स्लिपा पाहिजेत, आणि वहिनींकडे होत्या फक्त दोन, बाकी पगार व्हॉट्सॲपवर आकडा पाठवून झालेला. ते स्क्रीनशॉट काढत बसावं लागलं.

आणखी एक, नवऱ्याचं ईएसआयसी असेल तर बायकोची डिलिव्हरी त्याच्या कार्डावर होते, वाशीला नाहीतर ठाण्यात वागळे इस्टेटच्या कामगार हॉस्पिटलला, औषधपाण्याचा खर्च नाही. पण २६ आठवड्यांचे रोख पैसे फक्त जिचं स्वतःचं कार्ड आहे तिलाच. मी दोन्ही एकच समजून बसले होते.

पगार २१,००० च्या वर असेल आणि ऑफिसात दहा किंवा जास्त माणसं असतील तर मग ऐरोली-महापेच्या आयटीवाल्यांचा नियम, मागच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की २६ आठवड्यांचा पगार कंपनी देते. तिथे एचआर असतो, तो सांगेल, मी कशाला डोकं लावू.

आता राहिल्या आमच्यासारख्या, ज्यांना मालकच नाही.

पहिलं, प्रधानमंत्री मातृवंदना. पहिल्या बाळाला ५,००० रुपये, दोन हप्त्यांत, ३,००० आणि २,०००. तीन हजारांसाठी शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नाव नोंदवून एक तरी तपासणी झालेली पाहिजे. दोन हजार बाळाचा जन्मदाखला आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. दुसरं बाळ मुलगी झाली तर एकरकमी ६,०००, मुलगा झाला तर काही नाही, आणि त्याचा अर्ज जन्मापासून २७० दिवसांत. आईच्या वयाची अट आहे, ती नाव नोंदवतानाच विचारा. सरकारी नोकरी किंवा ईएसआयसीसारखा फायदा घेणाऱ्यांना हे नाही. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखाच्या आत, किंवा ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदीचं), किंवा स्वस्त धान्य मिळणारं रेशनचं कार्ड, यातलं एक काहीही चालतं. ई-श्रम फुकट निघतं, शिवण करणारीने, डबेवालीने, पार्लरवालीने आजच काढा.

अर्ज भरायला आपल्या भागातलं नागरी आरोग्य केंद्र आणि आशाताई. आशाताईंशी मैत्री करा, त्या तुमच्या नणंदेपेक्षा उपयोगी पडतील. बहुतेक जणी पहिली तपासणी प्रायव्हेटमध्ये करतात आणि पाचव्या महिन्यात गावाला जातात, मग इकडे नोंद नाही तिकडे नोंद नाही. आधी इथे नाव घाला, माता-बाल कार्ड घ्या, ते कार्ड पिशवीत घालूनच माहेरी जा.

आणि पैसे कुठे येतात ते बघा. माझ्या दुसरीच्या वेळी, २०२३ ला, सहा हजार चार महिने आले नाहीत, मी आशाताईंवर चिडले, बिचाऱ्या गप्प ऐकत राहिल्या. मग बँकेतल्या मुलाने सांगितलं की आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे जातात, आणि ते खातं होतं लग्नाच्या आधी बार्शीत काढलेलं झिरो बॅलन्सचं. भाऊ पासबुक घेऊन गेला तर पैसे तिथे आरामात बसलेले. आधारवर माहेरचं आडनाव आणि खात्यावर सासरचं असेल तर ते पण आधी सरळ करा, नंतर ओल्या बाळंतिणीला रांगेत उभं राहावं लागतं.

दुसरं म्हणजे बांधकाम कामगार मंडळ, आणि स्वतः वर्गणी भरून सभासद राहायचं असं काही असेल तर ते हेच. रंगारी, सुतार, प्लंबर, फरशीवाले, वायरमन सगळे येतात. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला, नाममात्र वर्गणी, आणि दरवर्षी नूतनीकरण. नैसर्गिक डिलिव्हरीला १५,०००, सिझेरियनला २०,०००, दोन मुलांपर्यंत, आणि हे नोंदीत पुरुषाच्या बायकोलासुद्धा मिळतं. गंमत अशी की आमच्या गल्लीत अर्ध्या लोकांनी नाव घातलंय ते भांड्यांच्या संचासाठी. भांडी घरी आली की नूतनीकरण विसरतात, आणि बाळ होतं तेव्हा कार्ड बंद पडलेलं असतं. कुकर आहे पण वीस हजार गेले. नवऱ्याचं कार्ड काढा, तारीख बघा, डिलिव्हरीच्या आधी संपत असेल तर आत्ताच पुढे करा.

जननी सुरक्षा पण आहे, दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांना, शहरात ६०० आणि गावात ७००, सिझेरियनला १,५००. रक्कम छोटी आहे पण दवाखान्यातून घरी यायच्या रिक्षाचे तरी निघतात.

कागदांचं एकच सांगते, भाड्याच्या घराचा करार रजिस्टर करून घ्या. गावठाणातल्या बिल्डिंगचे मालक नको म्हणतात, अकरा महिन्यांचा साध्या कागदावर देतात, आणि मग पत्त्याचा पुरावा मागितला की अडचण येऊ शकते. आमच्या मालकाला मी दोन हजार जास्त डिपॉझिट देऊन तयार केलं होतं.

ज्यांना हप्त्याचा तुकडा कुठला धरायचा ते कळत नसेल त्यांनी डॉक्टरांची तारीख आणि नोकरीला लागल्याची तारीख घेऊन या, दुपारी तीननंतर, सकाळी माझी डिलिव्हरी असते, ब्लाउजची.