नव्या वाहनाला लोक हसतात, तेव्हा काय तपासावे?

अनोळखी रूपाचे वाहन रस्त्यावर आल्यावर उमटणारी प्रतिक्रिया अभ्यासताना थट्टेमागची तक्रार आधी वेगळी काढावी. ब्रिटिश संशोधक-उद्योजक सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १० जानेवारी १९८५ रोजी लंडनमध्ये सादर केलेली ‘सी५’ ही ३९९ पौंडांची, वीज आणि पेडल यांवर चालणारी तीनचाकी खेळणे म्हणून हिणवली गेली. परंतु इतकी बुटकी गाडी ट्रकचालकाला दिसेल का आणि उघड्यावर बसलेल्याचे थंडीपावसात काय होईल, हे प्रश्न रास्तच होते. गाडी दुरून दिसावी यासाठीचा उंच दांडा वेगळे पैसे देऊन घ्यावा लागे, हे तर अनाकलनीयच! त्याच वर्षी उत्पादन थांबले.

पुढे कायदे वाचावेत, कारण भीतीची नोंद तेथे सापडते. ब्रिटनच्या १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनापुढे लाल निशाणधारी माणूस चालवणे सक्तीचे केले आणि शहरातील वेग ताशी २ मैलांवर आणला. मात्र त्यावर अडाणीपणाचा शिक्का मारण्यापूर्वी रस्त्यावर बिचकणारी घोडी आठवावीत.

शेवटी, कोण बोलले तेही मोजावे. पॅरिसमध्ये २०२३ च्या कौलात भाड्याच्या, उभ्याने चालवायच्या ई-स्कूटर नाकारल्या गेल्या, पण मतदान दहा टक्क्यांहून कमी झाले होते.